माळापलीकडचा आवाज

माळाच्या पार टोकाला, जिथे गवतही एकटेदुकटे उगवते, तिथे एक टिटवी राहत असे. तिचा जोडीदार ससाण्याने नेला होता. उघड्या जमिनीवरची अंडी तेवढी तिच्यापाशी उरली होती. किडे टिपायला जावे तर मागे कोल्ह्याचे भय, बसून राहावे तर पोटात आग.

तळ्याकाठचा म्हातारा करकोचा रोज सकाळी तिच्यापुढे माशाचे शेपूट टाकी. सारे पक्षी त्याला दानशूर म्हणत. शेपूट टाकता टाकता तो बजावी, "पोरी, जागा सोडू नकोस. दुसऱ्या टिटव्यांच्या तर वाऱ्यालाही उभी राहू नकोस. चार जणी जमल्या की कलकलाट होतो, आणि कोल्हा माग काढत येतो. आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत." टिटवी मान डोलवी. मोठ्यांचे म्हणणे तपासून पाहायचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. संध्याकाळी फार एकटे वाटले की ती एकदा ओरडे. माळापलीकडून तसाच आवाज येई. 'माझाच आवाज परत आला,' ती म्हणे, 'दुसरे कोण असणार?'

उन्हाळ्यात तळे आटले आणि करकोचा न सांगताच नदीकडे उडून गेला. टिटवी वाट पाहत बसली. भुकेने तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. एका संध्याकाळी तर ओरडण्याइतकेही बळ उरले नाही. ती गप्प राहिली. आणि तरीही, मुलांनो, पलीकडून आवाज आला!

टिटवी धडपडत उभी राहिली. "कोण गं तिकडे?"

"मीच की! आज तुझी हाक नाही, म्हटलं मेली की काय ही!"

"म्हणजे रोज तूच होतीस? मग कधी आली का नाहीस?"

"करकोचाआजोबांनी बजावलं होतं. तुला नाही?"

"मलाही!" टिटवी म्हणाली. मग दोघींनी मिळून माळाकडेच्या ओढ्याकडे हाक दिली, तर तिथूनही आणखी दोघींची ओ आली.

दुसऱ्या दिवसापासून एकीने मधल्या वारुळावर उभे राहून सगळ्यांची अंडी राखायची आणि बाकीच्यांनी पोटभर टिपून यायचे, अशी पाळी लागली. कोल्हा आला खरा, पण चौघी एकदम अंगावर गेल्या तशी शेपूट घालून पळाला. टिटवीचे एक अंडे मात्र उपासाच्या दिवसांत थंड पडले होते. ते उबले नाही.

पाणी भरल्यावर करकोचा परतला. "घे पोरी, शेपूट आणलंय."

वारुळावरची टिटवी म्हणाली, "आजोबा, आज पहारा माझा आहे. जरा लांब उभे राहा. पायाखाली आमची पिल्लं आहेत."

तात्पर्य : जो घास देताना आपल्याला एकमेकींपासून तोडतो, त्याच्या घासावर जगू नये, शेजारणीला हाक मारावी, तीही आपल्यासारखीच एकटी बसलेली असते.