एकटीचा दिवस

आमच्या हौसाबाईच्या मंजुळेची हाडं नुसती शिंक आली तरी मोडायची. डॉक्टरनं त्या आजाराचं नाव सांगितलं, पण ते माझ्या बोळक्या तोंडात काही मावत नाही. गाव त्याला देवीचा कोप म्हणायचं, कारण आमच्या गावाला डॉक्टरपेक्षा देवी जास्त कळते. मंजुळेचं आपलं एकच विचारणं, "आये, माझ्यासारखं दुसरं कुणीच नाही का गं?"

पालकमंत्री अण्णासाहेबांच्या वाढदिवसाला हौसाबाई थेट मंचावर चढली. "साहेब, या आजाराचा एक सरकारी दिवस जाहीर करा. गावोगाव नाव कळलं, तर घरात दडवलेलं एखादं लेकरू बाहेर येईल."

अण्णासाहेब माइकवरच हसले. "बाई, अख्ख्या जिल्ह्यात तुमची एकटीच पोर. एकेका माणसाचा दिवस सरकार पाळायला लागलं, तर कॅलेंडर पुरायचं नाही."

हौसाबाईनं बँजोवाल्यांकडं पाहिलं, उन्हात झेंडे धरून उभ्या केलेल्या शाळेच्या पोरांकडं पाहिलं. मग नरमाईनं विचारलं, "आजचा दिवस कितीजणांचा हाय, साहेब?"

माइक चालूच होता. आधी बँजोवाला हसला, मग मी, मग सगळा मांडव. अण्णासाहेबांना दिवस जाहीर करावाच लागला.

तो दिवस आला. डॉक्टरनं चावडीपुढं सगळ्यांना आजार समजावून सांगितला. मंजुळा सकाळपासून शेजारची खुर्ची अडवून रस्त्याकडं बघत बसली होती. संध्याकाळी मांडववाला खुर्च्या गोळा करायला आला, तशी ती म्हणाली, "एवढी एक राहू द्या, काका. लांबनं येत असेल कुणी."