चौकटीतला हिरवा शिक्का

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक छापखानेवाला होता. माणूस वाईट नव्हता, आळशी होता. आणि आळशी माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या गावची रीत अशी, की लग्नाची पहिली पत्रिका देवराईतल्या जुन्या झाडाखाली ठेवायची. वरून एखादं पान तिच्यावर गळून पडलं, की देवाचा होकार आला. त्याशिवाय अक्षता पडत नसत.

एका वर्षी छापखानेवाल्यानं गावाचं पंचांग छापलं. कागद बनवायच्या गावच्या भट्टीचा धूर पाहून त्याला वाईट वाटलं, म्हणून राई राखणाऱ्या म्हातारीकडून त्यानं तीस रोपं लावून घेतली. म्हातारीनं त्याला हिरव्या शाईचा लाकडी ठसा दिला. त्यावर कोरलं होतं, 'या कागदाच्या धुराची भरपाई झाली.'

"हा पंचांगापुरताच," ती म्हणाली. "दुसरं काही छापलंस तर आधी रोपं लाव, जगव, मग शिक्का मार."

"हो आजी," तो म्हणाला. हो म्हणायला काय जातं?

पंचांग छापून झालं. ठसा मात्र छपाईच्या चौकटीत घट्ट बसला होता. काढायचा तर चारही बाजूंच्या पाचरी सैल कराव्या लागणार. राहू दे, म्हणाला. मग बारशाच्या पत्रिकांवर तोच शिक्का, जत्रेच्या जाहिरातींवर तोच, अगदी भज्यांच्या पुड्यांवरही तोच.

गावकरी त्याहून शहाणे. शंभर पत्रिकांत भागायचं तिथं पाचशे छापून घेऊ लागले. "भरपाई झालीय की," म्हणायचे. भट्टीला लाकूड पुरेना, तेव्हा ज्या राईतली काटकीसुद्धा कोणी मोडत नसे तिथं कुऱ्हाड गेली. कोणाला काही वाटलं नाही. शिक्का होता ना.

म्हातारी तीनदा छापखान्यात आली. "रोपं तीसच आहेत रे बाबा. कागद किती झाले?"

"आजी, शिक्का बघून लोकांना बरं वाटतं."

"त्यांना बरं वाटलं म्हणून धूर कमी झाला का?"

यावर तो हसला. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

मग त्याच्याच मुलीचं लग्न ठरलं. हजार पत्रिका निघाल्या, सगळ्यांवर शिक्का. पहिली पत्रिका घेऊन बापलेक राईत गेले, तर तिथं नुसते बुंधे. जुन्या झाडाच्या बुंध्याशी पत्रिका ठेवून दोघं दुपारभर बसले. वरून ऊन तेवढं पडलं.

वरपक्षाचा निरोप आला, "होकार आल्याशिवाय वऱ्हाड निघणार नाही."

राईच्या कडेला म्हातारीची तीस रोपं होती, गुडघ्याएवढी. मुलीनं पत्रिका उचलून त्यातल्या एका रोपाखाली ठेवली.

"बाबा, याचं पान पिकून गळेल तेव्हा माझं लग्न."

"अगं, पत्रिकेवर तिथी छापलीय."

"शिक्काही छापलाय," मुलगी म्हणाली. "तो तरी कुठे खरा होता?"

तिथी निघून गेली. छापखानेवाल्यानं एकदाच्या पाचरी सैल करून ठसा काढला. अर्ध्या घटकेचं काम होतं, फक्त अर्ध्या घटकेचं. मग तो रोज सकाळी कावडीनं पाणी आणून रोपाला घालू लागला आणि पानाकडे बघत बसू लागला. पान हिरवंगार होतं. गळायचं नाव घेत नव्हतं.

तात्पर्य, जे दर पिढीला नव्यानं सांगावं लागतं: जेवढी झाडं जगवली तेवढ्याच कागदांवर शिक्का मारावा, आणि शिक्का आहे म्हणून एकही कागद जास्त छापू नये.