पुठ्ठ्यावरचा संगणक

बोरखिंड गावात बातमी आली तो दिवस अगदी नेहमीसारखा होता. सगुणा आणि शालन या दोघी जावा ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. एवढ्यात बालवाडीच्या बाई आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "समाजमंदिरात बायकांसाठी संगणकाचा वर्ग निघतोय. सहा महिने, रोज दुपारी. यंत्रं थोडी आहेत, म्हणून घरटी एकच बाई घेणार."

सगुणा थोरली. मान तिचा. तिचे हात थांबले. काम करताना तिचे हात कधी थांबत नसत, हे शालनला ठाऊक होते.

"अक्का, तुम्ही जा," शालन म्हणाली. पण म्हणताना तिने मान वर केली नाही.

"मी चौथी पास. तू दहावीपर्यंत गेलेली. तूच जा," सगुणा म्हणाली. "शेळ्या, चूल, तुझी पोरगी, सगळं मी बघते. फक्त रोज येताना तिथलं थोडं माझ्यासाठी आणत जा."

"शिकलेलं कसं आणू? ओच्यात बांधून?"

"जमेल तसं आण."

शालनने साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. त्यावर संगणकाच्या अक्षरांची पाटी जशीच्या तशी काढली. प्रत्येक अक्षराला एक चौकोनी घर. मग रोज संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता सगुणा पुठ्ठ्यावर बोट टेकवी.

"अक्का, आधी पीठ झाडा. संगणकाला भाकरी लागत नाही."

"मग तो आपल्या घरात नांदायचा नाही गं," सगुणा म्हणे, आणि दोघी हसत.

शेजारची तान्हूबाई कुंपणावरून टोमणा मारी, "काय सगुणे, पुठ्ठा शिकून कुठल्या हापिसात लागणार?"

"कुठंच नाही. एकदा खऱ्या यंत्रावर माझ्या बोटांनी माझं नाव उठवायचं. कागदावर बघायचं. मग शेळ्या आहेतच."

सहा महिने सरले. परीक्षेत शालन पहिली आली. शिकवणारे गुरुजी तालुक्याला परतले आणि वर्गाची किल्ली शालनच्या कमरेला आली. ग्रामपंचायतीची पत्रे, शाळेच्या याद्या, सगळे तिच्याकडे येऊ लागले. गाव तिला शालनताई म्हणू लागले. पुठ्ठा मात्र घरीच राहिला.

"येऊ का गं आज?" सगुणा विचारी.

"आज गर्दी आहे, अक्का. उद्या या."

त्या उद्याला कधी खुरपणी निघे, कधी शेळी वीत असे. असे वर्ष गेले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी गावात विळे, कुऱ्हाडी, नांगर धुऊन पूजतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. शालन नवी नवरी असताना या दिवशी भाजी चिरायला बसली, तेव्हा सगुणाने तिच्या पुढची विळी काढून घेतली होती. "आज त्यांनाही विसावा," असे म्हणाली होती. त्या वर्षी शालनने संगणकांचीही पूजा केली. हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला.

दुपारी सगुणा समाजमंदिरात आली. ठेवणीतले लुगडे, घासून स्वच्छ केलेली नखे.

"आज शेतावर कुणी नाही. हात मोकळे आहेत बघ."

शालनने नुकतीच फुले मांडली होती. ती दमली होती. "अक्का, आज हत्याराला हात लावायचा नसतो. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"खरंच की. माझ्या ध्यानातच आलं नाही." सगुणाने यंत्राला हात जोडले आणि ती घरी गेली.

तासाभराने सरपंचांचा निरोप आला. तालुक्याहून साहेब आले होते, एक पत्र लगेच हवे होते. शालनने एका यंत्रावरची फुले बाजूला केली आणि पत्र टंकायला बसली. पत्र संपवून तिने वर पाहिले, तर दारात सगुणा उभी होती. हातात नैवेद्याचे ताट होते. ती कधीची उभी होती, कोण जाणे.

शालनच्या ओठांवर आले, या, बसा. पण लाजेने ती बाजूला केलेली फुले पुन्हा यंत्रावर मांडू लागली.

सगुणाने ताट उंबऱ्याच्या आत ठेवले. "खाऊन घे. गार होतंय."

पौषात सगुणाने अंथरूण धरले. वीस दिवसांत ती गेली.

तेरावे झाल्यावर शालनने पिठाचा डबा खाली काढला. डब्यामागे पुठ्ठा होता. बाकीची घरे जशीच्या तशी होती. स, ग, ण, उकार आणि काना या पाच घरांची शाई मात्र पार पुसून गेली होती, पुठ्ठ्याचा आतला पदर वर आला होता.

आता शालनचे केस पिकले आहेत. वर्ग अजून चालतो. नवी बाई आली की शालन तिला पहिल्याच दिवशी यंत्रापुढे बसवते, मग ती खंडेनवमी का असेना. आधी तिच्या बोटांनी तिचे नाव लिहून घेते. मग विचारते, "तू इथं आलीस, तर घरी कोण राबतंय? तिलाही घेऊन ये." पुठ्ठा भिंतीवर टांगलेला आहे. कुणी विचारले तर ती एवढेच सांगते, "आमच्या अक्कांचा संगणक."

एकदा, वर्ग सुटल्यावर, ती सगुणाचे नाव लिहायला बसली होती. बोटे अक्षरांवर ठेवली, आणि तशीच उचलून घेतली. ते नाव सगुणाच्या बोटांनी उमटायचे होते. ते राहून गेले.

तात्पर्य: जिने आपले काम अंगावर घेऊन आपल्याला शिकू दिले, तिला शिकवणे उद्यावर टाकू नये, आणि जो नियम साहेबासाठी मोडता येतो, तो तिच्यापुढे दाखवू नये.