समुद्राकडे पाठ

फार वर्षांपूर्वी ग्रीस देशात एक रिवाज होता. म्हातारा झालेला नावाडी समुद्राचा निरोप घेताना आपलं वल्हं पोसायडनच्या, म्हणजे समुद्रदेवाच्या देवळात टांगायचा. फिलोन नावाड्यानेही टांगलं.

रोज तेल, रोज फुलं. पण वल्ह्याचा जीव काही तिथे रमेना. खारा वारा आत आला की ते भिंतीवर तळमळायचं. एकदा फिलोन भेटायला आला, तेव्हा ते काकुळतीला येऊन म्हणालं, "मालक, मला घेऊन चला हो. मोडायचंच तर पाण्यात मोडू द्या."

फिलोनने त्याच्यावरून हात फिरवला. "अरे बाबा, देवाला दिलेलं परत कसं मागू? मीसुद्धा आता काठावरूनच बघतो." डोळे पुसत तो निघून गेला.

मग वल्हं देवावरच उखडलं. "तू समुद्राचा राजा ना? मग मला इथे कशाला डांबलंस?"

देवळाचं दार रिवाजाप्रमाणे पूर्वेला होतं आणि समुद्र मागे, पश्चिमेला. संगमरवरी देव हळूच म्हणाला, "मला डोंगरातून खणून काढलं आणि थेट इथे बसवलं, समुद्राकडे पाठ करून. लाटांचा आवाज तेवढा ऐकतो. तू तर पाण्यात जन्म काढलास. सांग ना, अंगाला कसं लागतं रे ते?"

वल्ह्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"पहाटे ना," ते म्हणालं, "फार गार असतं..."