घास काऊचा

एका गावात एक भोळा हणमू होता. भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते सणावाराला. हणमू बारा महिने. आई लवकर गेली, म्हणून थोरल्या बहिणीने, अक्काने, त्याला लहानाचा मोठा केला आणि लग्न झाल्यावर सासरीही सोबत आणला. तिचा नवरा, दाजी, स्वभावाने गरीब. त्यांनी हणमूला ठेवून घेतला. हणमू सांगेल ते काम करायचा. अडचण एवढीच, की सांगेल तेच करायचा.

भाद्रपदात एके सकाळी मांजराने मेंदीच्या कुंपणातली बुलबुलीण खाल्ली. घरट्यात एकच पिल्लू उरलं. हणमूने ते ओंजळीत धरून घरात आणलं.

"अक्का, ह्येला बी आई न्हाई," तो म्हणाला.

अक्काने पिल्लाच्या डोक्यावरून बोट फिरवलं. "आता तूच त्येची आई. तळहाताच्या फोडावानी जप त्येला."

हणमू विचारात पडला. मागच्या महिन्यात कुऱ्हाड चालवून त्याच्या तळहाताला फोड आला होता. तेव्हा अक्काने हळद-तेल लावून वर चिंधी बांधली होती.

दुपारी अक्का बघते, तर पिल्लू पिवळंधमक. चोच तेवढी चिंधीबाहेर.

"ह्ये काय केलंस रं?"

"फोडावानी जपलं."

अक्काने चिंधी सोडली, पिल्लू पुसून काढलं. "आरं, पिलाला बांधायचं नसतं. मोकळं ठेवायचं."

"बरं," हणमू म्हणाला.

संध्याकाळी दाजी चरवी घेऊन म्हशीखाली बसले. चरवीत थेंब पडेना. पलीकडे रेडकू पोट फुगवून लोळत होतं.

"रेडकू कुणी सोडलं?"

"म्या. पिलाला बांधायचं नसतं."

दाजी बिनदुधाचा चहा प्यायले. अक्का म्हणाली, "हणमू, रेडकाचं सोड आता."

हणमू लगेच गोठ्याकडे निघाला. अक्काने त्याची बंडी धरून त्याला मागे ओढलं. "तसं न्हाई. रेडकाचा इचार सोड. पाखरू उपाशी हाय, त्येला भरव. नाकतोडं आन, केळ्याचा गर घे. म्या तुला भरवायची तसं भरव. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, आसं म्हणत."

दुसऱ्या दिवशी उजाडताच हणमू अंगणात बसला. एक घास चिऊचा म्हणाला आणि चिमणीला टाकला. एक घास काऊचा म्हणाला आणि कावळ्याला टाकला. घास संपले, पण कावळे काही संपेनात. सगळ्या आळीचे कावळे कुंपणावर येऊन बसले. पिल्लू चोच वासून वासून दमलं आणि त्याने मान टाकली.

अक्का धावत आली. तिने चिमटीने त्याच्या चोचीत गर घातला, पाण्याचा थेंब सोडला. बऱ्याच वेळाने पिल्लाने डोळा उघडला. तोवर हणमू रडायच्या बेताला आला होता.

"म्या तुला भरवताना काय करायची? घास चिमणीला टाकायची व्हय?"

"न्हाई. सगळं मलाच चारायचीस. चिऊ-काऊचं तवापासनं वाईट वाटतंय मला."

अक्काने कपाळाला हात लावला. "आरं, ते नुसतं म्हणायचं असतं. काऊचा म्हणायचं आन् आपल्या माणसाच्या तोंडात घालायचं."

"बरं."

मग मात्र हणमूने पिल्लाला मनापासून भरवलं. आठवड्याभरात त्याला पिसं फुटली. उडत मात्र नव्हतं. "पाखरानं उडाय पायजे, न्हाई तर मांजर खाईल," अक्का काळजीने म्हणायची. "त्येला नजरेआड करू नगं." म्हणून हणमू पिल्लू बंडीच्या खिशात घेऊन हिंडायचा.

अशातच मामंजींची तिथ आली. मामंजी म्हणजे अक्काचे सासरे. तीन वर्षांपूर्वी वारले, पण घरात अजून त्यांचा दरारा होता. पितरांचा स्वयंपाक झाला. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, कढी. पाहुणे पानं मांडून बसले. अक्काने एक ताट वाढून हणमूच्या हाती दिलं.

"माळवदावर जा. हा काऊचा घास. कावळा शिवल्याबिगर हितं कुणी जेवणार न्हाई."

हणमू शिडीने घराच्या सपाट मातीच्या छतावर गेला. काऊचा घास, तो म्हणाला. आता आपला माणूस शोधायला हवा. वर तर दुसरं कोणीच नव्हतं.

बराच वेळ झाला. दाजींच्या पोटात कावळे ओरडू लागले, पण बाहेरचा एकही कावळा ओरडेना. शेवटी त्यांनी हाक मारली, "शिवला का रं?"

"शिवला की," वरून भरल्या तोंडाने आवाज आला. "खीर अजून हाय का इचारतोय."

अक्का दुसरं ताट घेऊन स्वतः शिडी चढली. "मेल्या, आजचा कावळा म्हंजे मामंजी. मामंजीच कावळ्याच्या रूपानं जेवाय येत्यात. तू सासऱ्याचं जेवलास."

हणमूने घाईघाईने तोंड पुसलं. मामंजींना तो जिवंतपणीही घाबरायचा.

तेवढ्यात पिल्लू खिशातून निसटून माळवदाच्या कडेला जाऊन बसलं. समोरच्या कडुलिंबावरून एक दांडगा कावळा उतरला. त्याने ताटाकडे पाहिलंच नाही. तो पिल्लाकडे एक एक पाऊल टाकत निघाला.

"हाकल त्येला," अक्का किंचाळली. "हणमू, पिल्लू खाईल तो."

हणमू धावला. पण मामंजींना हाकलायचं कसं? त्याने हात जोडले. "मामंजी, चुकलं. ताट तिकडं हाय, ह्येला खाऊ नगा," म्हणाला आणि कावळ्याच्या पायांवर साष्टांग लोटांगण घातलं.

माळवद तिथेच संपत होतं.

हणमू खाली कडब्याच्या गंजीवर पडला. त्या धप्प आवाजाने कावळा दचकून पळाला आणि पिल्लूही दचकून उडालं. चांगलं लिंबाच्या शेंड्यापर्यंत उडालं. अक्का हसत होती की रडत होती, हे पाहुण्यांना कळलं नाही.

हणमूचे दोन्ही हात मुरगळले. अक्काने हळद-तेल लावून चिंध्या बांधल्या. मग तिने ताट पुढ्यात घेतलं आणि लहानपणीसारखं त्याला भरवायला बसली.

"एक घास चिऊचा."

हणमूने खाल्ला.

"एक घास काऊचा."

हणमूने तोंड घट्ट मिटलं.

"खा की रं."

"तो मामंजींचा," हणमू दातांतून म्हणाला. "त्यास्नी आधी हाक मार."