नावाड्याने निवडलेला चिरा

फार वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावात धाकू नावाचा नावाडी राहत होता. वीस वर्षं त्याने लोकांना या तीरावरून त्या तीरावर पोचवलं, पण स्वतःचे दिवस झावळ्यांच्या झोपडीत काढले. शेवटी गावाने त्याला काठावरची जागा दिली आणि धाकूने घर बांधायला घेतलं.

भिंती कशाच्या करायच्या? शहराच्या बाजारात त्याने तूप चोळल्यासारख्या गुळगुळीत, लालभडक विटा पाहिल्या होत्या. पलीकडून येणाऱ्याची नजर आधी आपल्या घरावर पडावी, असं त्याला फार वाटे.

गावातला म्हातारा पाथरवट रोज त्याच्याच होडीतून खाणीवर जायचा. तो म्हणाला, "धाकू, आपल्या खाणीतले जांभ्या दगडाचे चिरे घे."

खाणीतून नुकताच काढलेला एक चिरा धाकूने नखाने खरवडला, तर लाल भुगा हाताला लागला. "तात्या, हा तर भिजल्या भाकरीसारखा मऊ. वर अंगभर भोकं."

तात्यांना राग आला नाही. "माझं ऐकू नकोस. एक वीट आणि एक चिरा काठावर उघड्यावर ठेव आणि वर्षभर थांब. मग तुला पटेल ते बांध."

गळक्या झोपडीत आणखी एक वर्ष! धाकूने भीतभीतच बायकोला विचारलं. भागी म्हणाली, "घर काय पुन्हापुन्हा बांधायचंय? वीस पावसाळे काढले, एकविसावाही काढू." धाकूने तात्यांना थांबायचा शब्द दिला आणि एक वीट नि एक चिरा काठावर मांडून ठेवला.

शेजारच्या मासळीवाल्याला मात्र दम नव्हता. त्याने त्याच विटांचं घर दोन महिन्यांत उभं केलं. येणारा-जाणारा वाखाणायचा आणि धाकू मान खाली घालून होडी वल्हवायचा. श्रावणात अंथरुणं भिजली, तेव्हा तो विटा आणायला निघालाच होता. भागीने त्याला अडवलं. "तात्यांना शब्द दिलाय ना? मग पाळा."

वर्ष सरलं. धाकूने वीट उचलली. खारं पाणी पिऊन तिचे पापुद्रे सुटले होते, वरचा तकतकीत थर हातातच गळून आला. मग त्याने चिऱ्यावर नख ओढलं, तर नखच दुखलं.

तो तडक तात्यांकडे गेला. "मऊ होता तो, असा कडक कसा झाला?"

"जांभा जमिनीतून निघतो तेव्हा कोवळाच असतो. वारा लागला की घट्ट होतो. माझ्या बापाने मला सांगितलं, मी तुला सांगितलं."

धाकूने जांभ्याच्या भिंती उभ्या केल्या आणि वर भिंतींच्या बाहेर येणारं कौलांचं रुंद छप्पर घातलं. तोवर मासळीवाल्याच्या भिंती ढासळू लागल्या होत्या. तो खजील होऊन दारात आला. धाकूने त्याला अर्धी ओसरी राहायला दिली आणि खाणीची वाटही दाखवली.

वास्तुशांतीच्या दिवशी धाकूने पहिला पाट तात्यांसाठी मांडला आणि हात जोडले. "तात्या, हे घर तुमच्यामुळे उभं राहिलं."

तात्या पाटावर बसले नाहीत. "मी फक्त एक वर्ष मागितलं. ते दिलं कोणी?"

धाकूने वळून पाहिलं. भागी चुलीपाशी वाढपाच्या गडबडीत होती. तो तिच्याजवळ गेला, तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि तिला आणून पाटावर बसवलं. "तू थांबलीस म्हणून हे घर उभं राहिलं," तो म्हणाला. भागीने पदराने डोळे टिपले. तात्या मग तिच्या शेजारच्या पाटावर बसले.

तात्पर्य: डोळ्यांत भरतं ते नव्हे, ऊनवारा सोसून टिकतं ते घराला लावावं, आणि ते पारखायला ज्यांनी आपल्याला सवड दिली, त्यांचे उपकार विसरू नयेत.