बेवारशांचं औषध

जनावरं मनातलं बोलून दाखवत, त्या काळची गोष्ट. सारजा परटीण आपल्या भुरी गाढवीला घेऊन पांजरपोळाच्या दाराशी आली. भुरीचा खूर सडला होता आणि वैद्याला द्यायला सारजाकडे काहीच नव्हतं.

"आमचं औषध बेवारशी जनावरांनाच मिळतं," दारावरचा बैल म्हणाला. "हिला इथे सोडून जा, फुकट बरी करू."

"दादा, लेप तेवढा द्या. मी घरी लावीन."

"मालकीण असलेलं जनावर बेवारशी कसं? नियम आहे, बाई."

भुरी म्हणाली, "बये, मी लंगडीच बरी. चल घरी."

"गप गं! मरशील अशानं," म्हणत सारजाने दावं सोडलं आणि मागे न बघता ती निघून गेली.

खूर हळूहळू भरत गेला, भुरी मात्र आटत गेली. ती चाऱ्याला तोंड लावेना. दाराकडे बघत उभी असे. एका सकाळी तशीच कोसळली.

बैलाने तिचा खूर निरखून पाहिला. "वा! जखमेची खूणसुद्धा नाही," तो समाधानाने म्हणाला.

मग त्याने दाराबाहेर मान काढली. तिथे एक म्हातारा आजारी बकरीला पोटाशी धरून उभा होता.

"या, आजोबा. सोडायला आलात ना?"